बागेत रेल्वे टाकायचीय? इंजिन नंतर, आधी जमीन

बागेत छोटी मॉडेल रेल्वे टाकायचं डोक्यात आलं की माणूस आधी काय करतो, तर इंजिन घेऊन बसतो. मीपण तेच केलं. मोठ्ठं खोकं आलं, त्यातून इंजिन निघालं, दोन लांब डबे निघाले, गोल वळणाचे रूळ निघाले, ते तसेच हिरवळीवर मांडले आणि संध्याकाळभर गाडी फिरवली, घरातले सगळे बाहेर येऊन बघून गेले, एकदम भारी वाटलं. रात्री पाऊस झाला. सकाळी बघतो तर एका बाजूचे रूळ गवतात बसलेले, इंजिन त्यातून कसंबसं निघालं आणि मागचा डबा आडवा. त्यानंतर कितीतरी महिने मी एकही नवीन डबा घेतला नाही, नुसती माती उकरत होतो. आता कोणी विचारलं की मी आधीच सांगून टाकतो, बाबा रे, यात निम्म्याहून जास्त गवंडीकाम आणि माळीकाम आहे, उरलेली रेल्वे. ते आवडणार असेल तरच पुढे वाचा.

हे 'जी' प्रकरण नक्की काय आहे

बागेतल्या या मॉडेल गाड्यांना 'जी' स्केल म्हणतात, त्यांच्या दोन रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी ४५ मिलिमीटर असतं. माप जुनंच आहे, जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रेल्वेची मापं ठरवली तेव्हापासून 'गेज वन' म्हणून चालत आलंय. पण ही गाडी दारातून बाहेर काढून फुलझाडांमधून फिरवायचं वेड लावलं ते एलजीबीने. न्युरेम्बर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ती आणली, एलजीबी म्हणजे लेहमान ग्रोस बान, लेहमानची मोठी रेल्वे (पुढे २००७ मध्ये हा ब्रँड मार्क्लिनकडे गेला). त्यांनी मीटर गेजच्या गाड्या २२.५ पटीने लहान केल्या, १००० मिमीला २२.५ ने भागलं की ४४ च्या थोडं वर येतं, म्हणजे ४५ च्या रुळावर बरोबर बसलं. गंमत बघा, त्यांचं पहिलं गाजलेलं छोटं इंजिन 'श्टाइन्झ', त्याचं मूळ इंजिन ऑस्ट्रियात ७६० मिमीच्या रुळावर धावायचं, म्हणजे पहिल्याच गाडीला हिशोब वाकवलेला. तेव्हा मापाचं फार टेन्शन घेऊ नका.

पण थोडं तरी घ्या, कारण नवीन माणूस इथेच फसतो. रूळ सगळ्यांचे ४५ मिमीचेच, पण गाड्या वेगवेगळ्या प्रमाणात बनवलेल्या असतात. १:३२ मध्ये मोठ्या लाइनच्या म्हणजे १४३५ मिमी स्टँडर्ड गेजच्या गाड्या अचूक बसतात. १:२९ मध्येपण स्टँडर्ड गेजच्याच अमेरिकन गाड्या येतात, त्या दिसायला भरभक्कम पण हिशोबाने रुळापेक्षा जरा मोठ्या. १:२०.३ मध्ये तीन फुटी नॅरो गेज. १:२२.५ आणि १:२४ मध्ये कुठेतरी युरोपातल्या मीटर गेजच्या गाड्या आणि बरीचशी स्टार्टर सेट मंडळी. शिवाय ज्यांना दोन फुटी छोटी लाइन आवडते ते १:१९ घेऊन ३२ मिमीच्या रुळावर जातात, ते वेगळंच घराणं. आता या सगळ्यातून एकेक डबा उचलून आणला आणि एका गाडीला जोडला तर चालेल सगळं, रूळ तेच आहेत, पण दिसायला लग्नाच्या फोटोत मागे उभ्या केलेल्या उंच भाच्यासारखं दिसेल. सोपी युक्ती सांगतो, प्लॅटफॉर्मवर उभा करायचा एक माणूस ठरवा. १:२२.५ ला पाच फूट सात इंचाचा माणूस साधारण साडेसात सेंटीमीटरचा येतो, १:३२ ला सव्वापाच सेंटीमीटरचा, १:२०.३ ला जवळजवळ साडेआठ. हा माणूस डब्याच्या दारासमोर ठेवायचा, तो दारातून आत जाऊ शकत असेल तर जमलं, वाकून जावं लागत असेल तर तो डबा तुमच्या गाडीचा नाही.

आता जमिनीकडे बघा

इंजिन घेतलं असेल तर कपाटात ठेवा आणि बागेत पाण्याचा रबरी पाईप घेऊन जा. पाईप जिथून रेल्वे जाईल असं वाटतं तिथे टाका आणि आठवडाभर तसाच राहू द्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, नंतर स्वतःच शिकलो. आठवड्यात कळतं की सकाळी माणसं कुठून चालतात, गवत कापायचं मशीन कुठे वळतं, पाऊस पडला की पाणी कुठे साचतं, कुत्रं कुठे लोळतं. या चारही गोष्टींना आडवी गेलेली रेल्वे टिकत नाही, कुत्रं तर मुळीच ऐकत नाही. आणि शक्य असेल तर जिथे बसायची जागा आहे, चहा घेऊन जिथे बसता, तिथून गाडी येताना दिसली पाहिजे. गाडी लांबून पानाआडून येते, थोडा वेळ गायब होते, परत दुसरीकडून निघते, यातच मजा आहे, एकाच नजरेत सगळा रूळ दिसला की दोन दिवसांत कंटाळा येतो.

पहिला आकार साधा ठेवा, लांबट गोल, पोट एका बाजूने थोडं आत घेतलेलं. आठचा आकडा, पूल, बोगदा, यार्ड सगळं कागदावर काढून ठेवा पण पहिल्या वर्षी करू नका.

वळण म्हणजे सगळं

हा भाग नीट वाचा कारण यात चूक झाली की परत उकरायला लागतं. स्टार्टर सेटमध्ये जे वळण येतं ते बहुतेक आर-वन, म्हणजे ६०० मिमी त्रिज्या, १२ तुकडे जोडले की गोल पूर्ण, व्यास १.२ मीटर. छोट्या चार चाकांच्या इंजिनाला आणि बुटक्या डब्यांना ते चालतं. पण लांब डबा त्यावर गेला की त्याचा मधला भाग आत येतो, टोकं बाहेर लटकतात, डबे जोडणारं कपलिंग वाकडं होऊन ओढतं आणि गाडी घसरते. आर-थ्री म्हणजे ११९५ मिमी त्रिज्या, १६ तुकड्यांत गोल, व्यास जवळजवळ २.४ मीटर. माझं मत विचाराल तर बागेत याच्या खाली जाऊच नका. जागा असेल तर दीड मीटर त्रिज्या घ्या, त्याहून जास्त असेल तर अजून घ्या. मोठ्या वळणाचा कोणालाच कधी पश्चात्ताप झालेला मी बघितला नाही, लहान वळणाचा झालेला रोज बघतो, आरशात.

आणि एक, वळण डावीकडे आणि लगेच उजवीकडे असं सापासारखं करायचं नाही. मध्ये सरळ तुकडा हवा, किमान तुमच्या सगळ्यात लांब डब्याएवढा. नाहीतर एक डबा डावीकडे वळतोय आणि त्याला जोडलेला उजवीकडे, दोघांची कपलिंगं एकमेकांपासून लांब पळतात आणि मधलं चाक उचललं जातं. मी एक महिना चाकांना दोष देत होतो, तेल घालत होतो, चाक बदललं, शेवटी पोटावर झोपून डोळा रुळाच्या लेव्हलला लावून गाडी हळू सोडली तेव्हा दिसलं की चाक नेमकं त्या दोन वळणांच्या जोडावर हवेत जातंय. ३० सेंटीमीटरचे दोन सरळ तुकडे घातले, विषय संपला. पोटावर झोपून बघणे ही या छंदातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, जुने कपडे ठेवा.

चढाचंपण तसंच. २ टक्के म्हणजे १०० सेंटीमीटरला २ सेंटीमीटर, हे आरामात जमतं. ४ टक्क्यांवर इंजिन चाकं घासायला लागतं आणि डबे कमी करायला लागतात. आता पुलाचं स्वप्न बघताय तर हिशोब करा, खालून गाडी जायला आणि वर पुलाची जाडी धरून साधारण २५ सेंटीमीटर उंची लागते, २ टक्क्याने चढायचं तर साडेबारा मीटर लांबी, आणि चढलेलं उतरायलापण तेवढीच. म्हणजे एका पुलापायी २५ मीटर रूळ. त्यापेक्षा जमिनीलाच खड्डा करून कोरडा ओढा करा आणि सरळ रुळाखालून न्या, पूल मिळतो आणि चढ शून्य.

पाया

रूळ मातीवर नाही ठेवायचे. माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते, मुंग्या खालून पोखरतात. पाईपच्या रेषेवर दोरी आणि खुंट्या लावा, एक फूट रुंद आणि चार ते सहा इंच खोल चर खणा. तळ धुमसून घट्ट करा. त्यावर बागकामाचं ते काळं कापड अंथरा जे पाणी खाली सोडतं पण तण वर येऊ देत नाही. मग बारीक खडी भरा, पण गोल गोटे नाही, फोडलेल्या दगडाची, कोपरे असलेली, आणि त्यात कच मिसळलेली. गोल गोटे पायाखाली घरंगळतात तसे रुळाखालीपण घरंगळतात, फोडलेला दगड एकमेकांत अडकून बसतो. थर थर घालून पाणी मारून धुमसायचं. एकदम सगळं ओतून वरून थापलं की वरचं घट्ट आणि खालचं भुसभुशीत राहतं, आणि पहिल्या मोठ्या पावसाने खड्डे पडतात, हे मला कसं माहिती ते विचारू नका.

मग रूळ ठेवा आणि स्पिरिट लेव्हल घ्या. लांबीत थोडा चढउतार चालतो, पण आडवी लेव्हल, म्हणजे डावा रूळ आणि उजवा रूळ एकमेकांना, ही सोडायची नाही. लेव्हल दोन रुळांवर आडवी ठेवा, एक फूट पुढे सरका, परत ठेवा, परत सरका, पूर्ण गोल. बुडबुडा मध्ये नसेल तर स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) कच ढकला. रुळावर गाडी हळू हळू वाकडी होणं चालतं, अचानक वाकडी होणं चालत नाही, इंजिनाची मागची चाकं अजून जुन्या लेव्हलला असतात आणि पुढची हवेत. रूळ बसले की वरून कच पसरा, स्लीपरच्या वरच्या कडेपर्यंत, त्याच्या वर नाही. जुन्या ब्रशने झाडा आणि पाणी फवारा.

ज्यांना गुडघे दुखतात किंवा जमीन फारच उताराची आहे ते खांबांवर शिडीसारखी पट्टी करून त्यावर रूळ टाकतात, किंवा विटांची कंबरेएवढी भिंत बांधून आत माती भरतात. वाकायला लागत नाही, गाडी डोळ्यासमोर येते, आणि पाणी आपोआप निचरतं. महाग आणि मेहनतीचं आहे पण वय वाढत जाणार हे धरून चाललं तर मला हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. सिमेंटचा पट्टापण करतात, करा, पण मग वळण बदलायचं झालं तर छिन्नी हातोडी.

रूळ आणि त्यांचे जोड

रूळ पितळेचे, निकेल सिल्व्हरचे, स्टेनलेस स्टीलचे आणि ॲल्युमिनियमचे मिळतात. पितळ सगळ्यात जास्त वापरात, बाहेर काळपट तपकिरी पडतं आणि छान दिसतं, वीज नीट जाते पण वरचा भाग घासून साफ ठेवायला लागतो. स्टेनलेस कमी साफ करावं लागतं पण वाकवायला आणि कापायला जड. ॲल्युमिनियम स्वस्त आणि मऊ, बॅटरीची गाडी असेल तर बिनधास्त घ्या. रुळाची उंची 'कोड' मध्ये लिहितात, कोड ३३२ म्हणजे ०.३३२ इंच, जवळपास साडेआठ मिमी, कोणी चुकून पाय दिला तरी सहन करतो. कोड २५० आणि २१५ बारीक, बघायला खऱ्यासारखे, पण पाय पडला की गेले. पहिल्यांदा ३३२ घ्या. स्लीपर उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकचे आहेत ना तेवढं बघा, घरात खेळायच्या स्वस्त सेटमधले दोन उन्हाळ्यांत बिस्किटासारखे तुटतात.

आता ऊन. धातू तापला की वाढतो हे शाळेत शिकलो आणि विसरलो. पितळाचा १० मीटर लांब रूळ ३० अंश जास्त तापला की साधारण साडेपाच-सहा मिमी वाढतो, आणि उन्हातला रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो. वाढायला जागा नसली की रूळ कुठे जाणार, बाजूला. एका दुपारी मी बाहेर आलो तर सरळ लाइन मध्येच नागमोडी झालेली, स्लीपर खडीतून उचलून बाजूला आलेले. म्हणून रूळ खडीत तरंगता ठेवायचा, जमिनीला खिळून टाकायचा नाही. लाकडावर असेल तर स्क्रू पूर्ण आवळायचा नाही. थंडीच्या सकाळी रूळ टाकताय तर जोडामध्ये मिलिमीटरभर फट ठेवा, भर दुपारी टाकताय तर फट नको, कारण तेव्हा ते आधीच वाढलेले आहेत. वळणं याबाबतीत चांगली, ती थोडी बाहेर सरकून वाढ खाऊन टाकतात, त्रास होतो तो लांब सरळ लाइनला.

जोडासाठी सेटबरोबर ज्या सरकत्या पत्र्याच्या फिशप्लेट येतात त्या वर्षभरात सैल होतात आणि त्यात मातीचा कण गेला की वीज अडखळते. रुळातून वीज देणार असाल तर स्क्रूचे क्लॅम्प वापरा, किंवा जोडावरून वायर सोल्डर करा. क्लॅम्प महाग वाटतात, दर आठ तुकड्यांमागे आठ जोड, दोन्ही रुळांचे मिळून सोळा, हिशोब करून धडकी भरते, पण एका वेळी थोडे घेत गेलात तरी चालतं. तोवर फिशप्लेटमध्ये वीज वाहून नेणारं ग्रीस भरा.

वीज कशी द्यायची

हा निर्णय रूळ घ्यायच्या आधीच करा. तीन रस्ते आहेत.

पहिला, रुळातून वीज. सेटमधला छोटा ट्रान्सफॉर्मर साधारण एका अँपिअरचा असतो, एका छोट्या इंजिनाला पुरतो, त्यात लाईट आणि धूर लागला की दमतो. पुढे पाच अँपिअरचा चांगला डीसी पुरवठा घ्या, २४ व्होल्टपर्यंतचा. लाइन लांब असेल तर एकाच ठिकाणी वायर जोडून भागत नाही, लांबच्या टोकाला गाडी मंदावते, तेव्हा जाड वायर बाजूने नेऊन दर काही मीटरवर रुळाला जोडा. ट्रान्सफॉर्मर घरात किंवा कोरड्या शेडमध्ये, बागेत फक्त कमी व्होल्टेजची वायर, आणि मेन लाइनला अर्थ लीकेज ब्रेकर हवाच. ओल्या गवतात उभं राहून मेनचं प्लग जोडायचं काम करायचं नाही, याच्यावर चर्चा नाही. अजून एक, लाइन स्वतःला वळून परत मिळते असा फुग्याचा आकार करू नका, डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि शॉर्ट होतो. करता येतं, पण वेगळं सर्किट लागतं.

दुसरा, डिजिटल म्हणजे डीसीसी. रुळात सतत वीज, प्रत्येक इंजिनात छोटा डिकोडर, एकाच लाइनवर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने, शिट्टी, घंटा, सगळं. मजा आहे, पण रुळांची स्वच्छता साध्या डीसीपेक्षा जास्त मागतो, कारण नुसती वीज नाही, सिग्नलपण जायचा असतो.

तिसरा, बॅटरी आणि रिमोट. इंजिनात किंवा त्याला लागून असलेल्या डब्यात लिथियम पॅक, १४.८ किंवा १८.५ व्होल्टचा, आणि रेडिओ रिसीव्हर. रूळ काळे पडू देत, पान पडू दे, गाडी जाते. क्लॅम्प नको, वायर नको, फुग्याचा आकार केला तरी शॉर्ट नाही. चार्जिंग करायला लागतं आणि एका वेळेला दीडदोन तास गाडी चालते, कमीजास्त. पॅकमध्ये फ्यूज हवा, चार्जर त्याच पॅकसाठीचा हवा, आणि चार्ज करताना समोर थांबा. बागेत नव्याने सुरू करणाऱ्याला मी आता सरळ हाच सांगतो. वीज आवडते त्यांना दुखतं हे, पण माझे रविवार रूळ घासण्यात गेलेत, तुमचे का जावेत.

डबे, चाकं, कपलिंग

यावर जास्त बोलत नाही, दोनच गोष्टी. चाकं प्लास्टिकची आली तर धातूची घाला, वजन खाली येतं, डबा स्थिर होतो, हलका फिरतो आणि रूळपण कमी घाण होतात. एका जोडीतल्या चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं, ४० मिमीच्या आसपास, एखादं सरकलं असेल तर ते पॉइंटवर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचा सांधा) घसरणारच, कॅलिपर घेऊन सगळे डबे एकदा मोजून टाका. दुसरं, कपलिंग. एलजीबीची हुक आणि कडीवाली जोडी खडबडीत वळणावरपण सुटत नाही. अमेरिकन मुठीसारखं कपलर, केडी कंपनीचं वगैरे, बघायला सुंदर पण लाइन लेव्हल नसेल तर वरखाली सरकून सुटतं. दोन्ही प्रकार एका गाडीत नको, किंवा मग एक डबा असा ठेवा ज्याच्या एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो.

पहिल्यांदा गाडी सोडताना

इंजिन सोडायच्या आधी एकच डबा हाताने ढकलत पूर्ण गोल फिरवा. जिथे हाताला ठेच जाणवते तिथे खडूने खूण करा. मग इंजिन एकटं, अगदी हळू. मग उलटं, मागे मागे. मग एक डबा जोडून, मग दोन. गाडी पुढे सुरळीत जाते आणि मागे ढकलताना घसरते असं होतं तेव्हा दोष रुळात असतो, फक्त ओढताना तो लपतो. त्याच जागी दोनदा घसरली तर रूळ बघा, तोच डबा वेगवेगळ्या जागी घसरला तर डबा बघा. एवढ्या एका नियमाने माझे कितीतरी तास वाचलेत. आणि वेग कमी ठेवा, खरी नॅरो गेज गाडी ताशी वीसतीस किलोमीटरने जाते, तुमची तिच्या २२ व्या हिश्शाने गेली पाहिजे, म्हणजे माणूस रमतगमत चालतो त्याहूनपण हळू.

झाडं

रेल्वेच्या बाजूला बुटकी, बारीक पानांची झाडं लावा. मोठ्या पानांचं झाड शेजारी आलं की गाडी लगेच खेळणं दिसते. तुळशीच्या कुळातलं जमिनीलगत पसरणारं थाईम, रसाळ पानांचं सेडम, सावलीत शेवाळ, आणि मोठ्या वृक्षासारखी दिसणारी बुटकी सूचिपर्णी झाडं, वर्षाला इंच दोन इंच वाढणारी, त्यांना कात्रीने आकार देत राहायचं. तुमच्या हवेत जे टिकेल ते. फक्त मुळं आक्रमक असलेलं काही रुळाच्या जवळ नको, आणि फवाऱ्याचं पाणी थेट खडीवर पडणार नाही असं बघा. खत घालताना खडीत सांडलं की तण तिथेच जोरात.

वाफेचं इंजिन

एकदा कोणाचं वाफेचं इंजिन चालताना बघितलं की मन वेडं होतं. खरोखर ब्युटेन गॅस किंवा स्पिरिट जळतं, बॉयलरमध्ये पाणी उकळतं, गरम तेलाचा वास येतो. राउंडहाउस, अ‍ॅक्युक्राफ्ट, अ‍ॅस्टर अशा कंपन्यांची नावं ऐकाल. दाब बऱ्याच छोट्या इंजिनांत ४० पीएसआयच्या आसपास, गॅस एकदा भरला की वीस मिनिटं ते अर्धा तास. याला रुळातून वीज लागत नाही, पण लेव्हल विजेच्या गाडीपेक्षा जास्त लागते, कारण चढावर ते मंदावतं आणि उतारावर सुसाट सुटतं, हाताशी रिमोट नसेल तर मागे पळायला लागतं. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, पाणी डिस्टिल्ड, तेल वाफेच्या इंजिनाचंच, गॅस भरताना जवळ काहीही पेटलेलं नको आणि लहान मुलं दोन हात लांब. पहिल्याच वर्षी घेऊ नका असं सांगतो, कोणी ऐकत नाही.

रोजचं

गाडी सोडायच्या आधी एक फेरी चालत मारा, ब्रश घेऊन. पानं, काड्या, पक्ष्यांनी खडीतून उकरून रुळावर टाकलेले खडे, हे सगळं झाडून काढा. रूळ घासायला लांब दांड्याला लावलेला भिंत घासायचा पॅड उत्तम, वाकायला लागत नाही. पॉइंटच्या हलत्या पट्टीत अडकलेला एक खडा अख्खी गाडी पाडतो, तिथे बोट फिरवून बघा. बोगदा केला असेल तर तो हात जाईल एवढाच लांब करा किंवा वरून उघडता येईल असा करा, कारण गाडी घसरायची असली की आतच घसरते, आणि पावसाळ्यानंतर बोगद्यात कोण राहायला आलंय ते आधी टॉर्च मारून बघायचं, मगच हात घालायचा.

आणि गोगलगायी. पहाटे रुळावरून चालत जातात, मागे चिकट पट्टा सोडतात, त्याच्यावर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहतात आणि तुम्ही तासभर वायरिंग तपासत बसता. ओलं फडकं घेऊन पुसा, गाडी निघते.